समुद्र पाहून आलात, आता घर हलवायचं म्हणता

लातूर, बीड, परभणीकडची कुटुंबं सुट्टीत कोकणात दापोली, गुहागर नाहीतर मालवणला जाऊन येतात आणि परतीच्या गाडीतच बोलणं सुरू होतं, "इथंच दोन गुंठे घेऊन राहावं वाटायलंय." यात हसण्यासारखं काहीच नाही. ज्या भागात २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथल्या माणसाला घरामागं वाहणारा वहाळ (ओढा) आणि काठोकाठ भरलेली विहीर दिसली की जीव गुंततोच. आपल्याकडं मराठवाड्यात वर्षाला साधारण ७०० मिलीमीटर पाऊस, तोही लहरी. तिकडं ३००० मिलीमीटरच्या पुढं. मराठवाड्यातला माणूस जागेची किंमत आधी पाण्यावर करतो, आणि कोकणाच्या बाबतीत नेमकी तिथंच गफलत होते. कोकणात पाणी दिसतं खूप, टिकतं कमी. आणि तिथं राहणं सोपं की अवघड हे पाण्यापेक्षा इतर बऱ्याच गोष्टींवर ठरतं.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. त्या चार दिवसांत तुम्हाला कोकण आवडलं की सुट्टी? सकाळी डबा नव्हता, मुलं दिवसभर जवळ होती, स्वयंपाक दुसऱ्यानं केला, फोन बाजूला होता. हे सगळं घराच्या अंगणातही मिळू शकतं, त्यासाठी घर हलवायची गरज नाही. घरातल्या प्रत्येकानं आपल्याला आवडलेल्या पाच गोष्टी एकमेकांना न दाखवता लिहाव्यात. त्यातल्या कुठल्या गोष्टी जुलैतल्या मंगळवारी, कामाच्या दिवशी, तिथं असतील, एवढ्यावरच खूण करावी. समुद्र, झाडं, मोकळी हवा, कमी गर्दी यांवर खूण राहिली तर पुढचं वाचा. आयतं जेवण आणि आराम एवढंच उरलं, तर दरवर्षी आठवडाभर जाऊन येणं कितीतरी स्वस्त पडेल.

आता पावसाळा. पर्यटक कोकण पाहतो दिवाळी ते मे या काळात, पण तिथलं घर जगतं जून ते सप्टेंबरवर. आपल्याकडं झड लागली तरी चार दिवसांत ऊन पडतं. तिकडं आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कपडे पंख्याखालीही ओलसर राहतात, गाद्यांना कुबट वास येतो, कपाटातल्या कागदांवर, चामड्याच्या पट्ट्या-पाकिटांवर पांढरी बुरशी चढते. खरेदीखत, मुलांची प्रमाणपत्रं हवाबंद डब्यात ठेवावी लागतात. सांधेदुखी किंवा दमा असलेलं वडीलधारं माणूस घरात असेल तर त्यांचा पावसाळा तिथं कसा जाईल हे डॉक्टरांना आत्ताच विचारा. सुट्टीत त्यांना बरं वाटलं होतं, पण ती पावसाळ्याची हवा नव्हती.

घर बांधायची समजही बदलावी लागते. आपल्याकडं माळवद, नंतर सपाट स्लॅब. काळ्या मातीत पाया हलतो म्हणून आपला सगळा जीव पायाभरणीत. तिकडं जांभ्या दगडावर पाया पक्का बसतो, जीव लावावा लागतो तो छपराला. सपाट स्लॅब दोन-तीन पावसाळ्यांत पाझरायला लागतो, म्हणून तिथं स्लॅबवरही उतरती पत्र्याची शेड चढवलेली दिसते. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो. पावसाच्या दिशेची भिंत उघडी राहिली तर आतून ओल येते. त्यामुळं छपराच्या कडा भिंतीच्या बऱ्याच बाहेर काढतात, पडवी ठेवतात आणि जूनच्या आधी उघड्या बाजूला झावळ्या नाहीतर प्लास्टिक बांधतात. कौलारू घर घेतलंत तर दर मे महिन्यात कौलं शाकारून घ्यायची, पन्हळी साफ करायच्या, घरावर झुकलेल्या फांद्या तोडायच्या. हे काम करणारी माणसं त्या महिन्यात सगळ्या गावाला हवी असतात, म्हणून त्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं. समुद्राच्या अगदी जवळ राहणार असाल तर खारा वारा खिडक्यांची ग्रिल, मोटारसायकल, एसीचं बाहेरचं यंत्र, गॅसची शेगडी सगळ्याला गंज चढवतो. किनाऱ्यापासून काही किलोमीटर आत घर घ्या आणि संध्याकाळी समुद्रावर फिरायला जा, हा सल्ला मी कुणालाही देईन.

घराच्या वर काय आहे तेही बघा. तुम्ही घर बघायला जाता तेव्हा डोंगर हिरवा आणि शांत असतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं आणि त्याच दिवशी चिपळूण पुरात बुडालं. डोंगराच्या पायथ्याला, कापलेल्या उताराखाली किंवा वहाळाच्या वळणावर घर नको. पुराचं पाणी कुठवर आलं होतं हे शेजाऱ्यांना विचारलं की ते भिंतीवरची खूण दाखवतात. वादळात वीज जाते ती तासाभरासाठी नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ धडकलं, तेव्हा दापोली, मंडणगड भागातली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. नळाचं पाणीही विजेवरच चढतं. घरून काम करायचा विचार असेल तर ही गोष्ट नोकरीच्या मालकाशी आधी बोलून घ्या.

मग पाणी. ३००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या गावात वैशाखात टँकर येतो यावर आपल्या माणसाचा विश्वास बसत नाही, पण येतो. कारण साधं आहे. जमीन उताराची, समुद्र जवळ आणि जांभा दगड चाळणीसारखा. पडलेलं पाणी काही वाहून जातं, काही जांभ्यातून मुरतं आणि खालच्या अंगाला झरा होऊन तेही निघून जातं. आपल्या बेसॉल्टमध्ये (काळ्या कातळात) पाणी फारसं मुरत नाही ही आपली रड. तिथं मुरतं, पण थांबत नाही. त्यामुळं डिसेंबरात तुडुंब दिसलेली विहीर एप्रिलच्या शेवटी तळ दाखवू शकते. खाडीलगतच्या विहिरींत उपसा वाढला की पाणी खारट होतं.

म्हणून जागा विकणाऱ्याला "पाणी आहे का" विचारू नका, तो हो म्हणणारच. तीन ठिकाणी विचारा. ग्रामपंचायतीत: गाव किंवा ती वाडी मागच्या काही वर्षांत टंचाई आराखड्यात होती का? असेल तर कागदावर नोंद सापडते. दुसरं, नळावर पाणी भरणाऱ्या बायांना: मे महिन्यात नळ किती दिवसांआड आणि किती वेळ येतो? तिसरं, शेजारच्या विहिरीच्या मालकाला: शेवटची कधी आटली? आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात भरून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासून घ्या. पावसाळ्यातलं पाणी तपासून क्षारांचा अंदाज येत नाही.

सड्यावरच्या भूखंडांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण जाहिराती बहुतेक त्यांच्याच असतात. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. ऑगस्टमध्ये त्यावर गवत आणि रानफुलं, दूर समुद्राची रेघ, फोटो फार सुंदर येतो. एप्रिलमध्ये तोच कातळ काळा पडतो आणि तापतो. माती टीचभर. झाड लावायचं तर कातळात खड्डा फोडून बाहेरून माती आणून भरावी लागते, त्याचा खर्च भूखंडाच्या दरात धरलेला नसतो. बोअर किती खोल जाईल आणि पाणी लागेल का, हे शेजारच्या बोअरवरून कळतं. शेजारी बोअरच नसेल तर तेच उत्तर समजा.

जमिनीचे कागद हा सगळ्यात मोठा भाग आहे. आपल्याकडच्या सातबाराची सवय तिथं पुरी पडत नाही. मराठवाड्याला १९५० चा हैदराबादचा कुळवहिवाट कायदा लागू, कोकणाला १९४८ चा मुंबईचा. दोन्हीकडं शेतजमीन घ्यायला घेणारा शेतकरी असावा लागतो. मराठवाड्यातला तुमच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ यावर तुम्ही तिथं शेतजमीन घेऊ शकता. इथं एक फार महाग पडणारी चूक होते. इकडची सगळी जमीन विकून ते पैसे घेऊन माणूस तिकडं जातो आणि दस्ताच्या वेळी कळतं की आपण आता शेतकरीच राहिलो नाही. थोडी तरी जमीन नावावर राहू द्या, निदान तिकडचा फेरफार मंजूर होईपर्यंत. जमीन वडिलांच्या नावावर असेल आणि तुमचं नाव लागलेलं नसेल, तर काय पुरावा चालेल हे तिथल्या दुय्यम निबंधक कार्यालयात इसार देण्याआधी विचारा.

"दोन गुंठे" ही भाषाही सोडा. रत्नागिरी, सिंधुदुर्गात शेतजमिनीचं प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे धरलं जातं. त्याहून लहान तुकडा सुटा खरेदी करायला गेलं की तुकडेबंदी कायदा आडवा येतो. अलीकडं काही भागांसाठी यात सवलती आल्या आहेत. त्या तुमच्या गटाला लागू आहेत का, ते एजंटकडून नाही, तहसील कार्यालयातून कळलं पाहिजे. बिनशेती झालेला किंवा गावठाणातला भूखंड वेगळा. तिथं शेतकरी असण्याची अट नाही, मात्र बिनशेतीचा आदेश स्वतः वाचा. "एनए होणार आहे" याला काही अर्थ नाही.

कोकणातला सातबारा हातात घेतला की आधी नावं मोजा. एका गटावर पंचवीस-तीस नावं सहज असतात, निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत आणि वारसनोंद झालेली नाही. गावात राहणारा एक भाऊ जागा दाखवतो, सौदा करतो, आणि सह्यांच्या वेळी मुंबईचा चुलता अडून बसतो. प्रत्येक सहहिस्सेदाराची सही किंवा नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र पाहिजेच. ज्यानं कुलमुखत्यारपत्र दिलं तो वारला असेल तर ते पत्र संपलं, हेही लक्षात ठेवा.

मग इतर हक्काचा रकाना. तिथं कुळाचं नाव आहे का? "कलम ४३ च्या बंधनास पात्र" असं लिहिलेलं असेल तर ती कुळकायद्यानं मिळालेली जमीन आहे, आणि ठरलेली मुदत व शासनाला भरायची रक्कम पूर्ण झाल्याशिवाय तिची विक्री टिकत नाही. खाजगी वनाची नोंद, सिंधुदुर्गात वनसंज्ञा (वन असा शेरा पडलेली जमीन), आकारीपड (सारा थकल्यानं सरकारजमा झालेली), आंबोली-गेळे-चौकुळकडं कबुलायतदार गावकर (गावानं सामाईक धरलेली), हे शब्द आपल्याकडच्या वकिलाच्या ऐकण्यातलेही नसतात. म्हणून मालकीचा शोध अहवाल त्याच तालुक्यात काम करणाऱ्या वकिलाकडून घ्या, किमान तीस वर्षांचा. काही ठिकाणी जमीन एकाची आणि तिच्यातली आंब्याची झाडं दुसऱ्याची असंही असतं. पोटखराबा किती आहे तेही पाहा. दोन एकरात सव्वा एकर कातळ आणि उतार असू शकतो.

हद्दी बांधानं नाही, गडग्यानं (दगडी कुंपणानं), पऱ्यानं (लहान ओढ्यानं) आणि जुन्या झाडांवरून सांगतात. पैसे देण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घ्या आणि मोजणीच्या दिवशी शेजाऱ्यांना हजर ठेवा. रस्त्याची वहिवाट नकाशावर दिसते का ते पाहा. तुम्ही ज्या पाखाडीनं (दगडी पायवाटेनं) चालत गेलात तिथून विटांची गाडी जाणार नसेल, तर बांधकामाचा प्रत्येक चिरा डोक्यावरून न्यावा लागेल. समुद्रालगत भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागतात, आणि विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर पहिल्या २०० मीटरात नवं घर बांधायची परवानगी सहसा मिळत नाही. "शेजाऱ्यानं बांधलंय की" हे उत्तर नोटीस आल्यावर कामाला येत नाही.

पोटापाण्याचं म्हणाल तर आंब्याची बाग घेऊन बसू हा विचार फार जणांच्या मनात असतो. हापूस १० बाय १० मीटरवर लावला तर एकरी ४० कलमं बसतात, धड उत्पन्नाला सहा-सात वर्षं लागतात. काजू ७ बाय ७ वर एकरी ८० च्या आसपास. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राच्या वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जाती तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून धरायला लागतात, म्हणून नवख्यानं काजूपासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. हापूसला मोहोर आला म्हणजे आंबा आला असं नाही. तुडतुडे, फुलकिडे, अवकाळी पाऊस, माकडं, आणि दर काही दिवसांनी फवारणी. सोयाबीन-कापूस केलेल्या शेतकऱ्याला कष्टाचं भय नाही, पण हे झाड वेगळं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं प्रशिक्षण घ्या आणि पहिली दोन वर्षं दुसऱ्याच्या बागेत हंगामभर काम बघा. घरगुती निवासाचा धंदा शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे यांवर चालतो. जून ते सप्टेंबर बहुतेक रिकामा. हिशेब वर्षाच्या बारा महिन्यांवर मांडलात की आकडा खाली येतो.

स्वयंपाकघरातही फरक पडतो आणि तो घरातल्या बाईच्या वाट्याला येतो, म्हणून तिचं मत आधी विचारा. आपल्याकडं वर्षाची ज्वारी भरून ठेवतात. त्या दमट हवेत ज्वारीला लवकर कीड लागते, पीठ गोळे धरतं, कुरडया-पापड सादळतात. ज्वारी तिथं पिकत नाही, बाजारात मिळते ती महाग आणि बहुधा जुनी. महिन्याची ज्वारी आणायची, आठवड्याचंच दळायचं, डाळींना कडक ऊन मे महिन्यातच देऊन घ्यायचं. भात, नाचणी, मासे यांच्याशी जमलं तर उत्तमच. माळकरी घराला मात्र मासळीचा वास शेजारून रोज येणार, हे आधीच बोलून ठेवलेलं बरं.

दवाखाना, शाळा आणि रस्ता. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत, चिपळूणजवळ डेरवणला मोठं रुग्णालय आहे. तरी गंभीर दुखण्यात रत्नागिरीकडचे लोक कोल्हापूर आणि सिंधुदुर्गातले गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय गाठतात. तुम्ही निवडलेल्या वाडीपासून रात्री दोन वाजता, पावसात, तिथं पोचायला किती वेळ लागेल तो आकडा काढा. दोडामार्ग भागात माकडताप आणि सिंधुदुर्गात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोचा ताप असतो, त्यामुळं तापाला घरगुती उपायांवर काढू नका. शाळांची काळजी करू नका, दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं पुढं आहे. मूल अकरावी-बारावीला नीटच्या तयारीत असेल तर मात्र लातूर सोडून त्याच वेळी तिकडं जाणं शहाणपणाचं नाही, ते दोन वर्षं थांबा.

लातूरहून सोलापूर, कोल्हापूर, आंबा घाट असं रत्नागिरी पाचशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसात पोचता येतं, पण त्याच दिवशी परतता येत नाही. पावसाळ्यात घाटात दरड आली तर दोन्ही अंगाला खोळंबा. पंचमीला माहेरी येणाऱ्या लेकी, येळवसचं (वेळ अमावास्येचं) शेतातलं जेवण, भावकीतलं लग्न, अचानक आलेला मयतीचा फोन, यांपैकी कशाकशाला तुम्ही पोचाल आणि कशाला नाही, हे घरात बसून एकेक नाव घेऊन बोला. म्हाताऱ्या आई-वडिलांना सोबत नेणार की इकडं ठेवणार, हा प्रश्न टाळून कुणी जाऊ नये. तिथली माणसं प्रेमळ आहेत, पण वाडी आणि गावकी जुन्या घरांची असते. शिमग्याची पालखी तुमच्याही दारी येईल, मानपान मात्र पिढ्यांपासून ठरलेले आहेत, आणि त्यात बाहेरून आलेल्यानं मत द्यायला जाऊ नये. गणपतीत मुंबईची घरं उघडली की गाव भरतं आणि नंतर अर्धं रिकामं होतं. बंद घरांच्या वाडीत पावसाळा काढायची तयारी लागते.

हे सगळं कळूनही जायचंच वाटत असेल तर विकत काही घेऊ नका, भाड्यानं राहा. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करा, त्याची नोंदणी करून घ्या, आणि तो मृगाच्या आधी सुरू होईल असं बघा, म्हणजे आख्खा पावसाळा आणि पुढचा एप्रिल दोन्ही त्यात येतात. सगळ्यांना इतके दिवस जमत नसेल तर निदान आषाढात पंधरा दिवस आणि वैशाखात पंधरा दिवस, दोन्ही वेळा हॉटेलात नाही, भाड्याच्या खोलीत, स्वतः स्वयंपाक करून. त्या दिवसांत गॅस सिलिंडर भरून घ्या, बँकेतलं एक काम करा, आठवडी बाजार करा, मुलाला एकदा ताप आल्यासारखं समजून दवाखान्यापर्यंत गाडी चालवा, मोबाइलला घरात रेंज येते का ते पावसात पाहा.

या वर्षात इकडचं घर विकू नका. भाड्यानं द्या, पण एक खोली सामानासाठी आपल्या ताब्यात ठेवा. शेत बटईनं द्यायचं तर करार लेखी, एका हंगामाचाच करा, आणि पीक पाहणी स्वतःच्या नावावर होते आहे ना ते दर हंगामात तपासा. मुलांचा शाळेचा दाखला काढण्याआधी तिकडच्या शाळेत प्रवेश पक्का झाल्याचं लेखी घ्या. रेशनकार्ड आणि मतदार नोंदणी पहिल्या वर्षी हलवायची घाई नको. करार संपत आला की, एप्रिलच्या शेवटी, घरातल्या सगळ्यांना बसवून एकेकाला विचारा, आणि सगळ्यात आधी त्यांना विचारा ज्यांनी सुट्टीत "इथंच राहू" म्हटलं नव्हतं.